व्हिडिओ कॉलवरून कुत्र्याचं ट्रेनिंग होतं तरी कसं? आणि त्यात शिकतं नक्की कोण?

२०२२ च्या जूनमधली गोष्ट. डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ऑडिओ क्लिप पडली. सात-साडेसात मिनिटांची. त्यात एकच आवाज होता, कुत्र्याच्या रडण्याचा. भुंकणं नव्हतं ते. लांब सूर काढून, मध्येच धाप लागल्यासारखं थांबून पुन्हा सुरू होणारं. खाली एकच ओळ होती : 'रोज सकाळी साडेनऊपासून संध्याकाळपर्यंत. आमच्या घरात चार महिन्यांचं बाळ आहे.'

रडणारा कुत्रा म्हणजे मावशीचा चिकू. इंडी, म्हणजे आपला गल्लीतलाच. तपकिरी रंग, एक कान उभा आणि एक पडलेला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बिल्डिंगखाली सापडला तेव्हा महिन्या-दीड महिन्याचा असेल. पुढची जवळपास दोन वर्षं त्याने रिकामं घर कधी पाहिलंच नाही. काकांचं वर्क फ्रॉम होम, मावसबहिणीचं कॉलेज ऑनलाइन. मावशीची बँक चालू असली तरी घरात कुणी ना कुणी असायचंच. मग ऑफिसं उघडली, बहीण हॉस्टेलला गेली आणि एका सोमवारी दाराला बाहेरून कुलूप लागलं.

घर भाड्याचं. क्लिप फिरल्यावर मालकाचा फोन आला. महिनाअखेरपर्यंत एकतर कुत्रा हलवा, नाहीतर दुसरं घर बघा. चिकूला गावी सोडायचं का, कुठल्या शेल्टरमध्ये ठेवायचं का, अशी चर्चा आमच्या फॅमिली ग्रुपवर सुरू झाली.

यातून वाट काढली ती नाशिकच्या एका ट्रेनर मुलीने. ती आजतागायत डोंबिवलीला आलेली नाही. चिकूला तिने एकदाही हात लावलेला नाही. सगळं काही व्हिडिओ कॉलवर. हे ऐकून आमच्या आजीने एकच वाक्य टाकलं, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, आणि ही पोर फोनवरून सरळ करणार!"

आजीची शंका चुकीची नव्हती. मलाही तेच वाटलं होतं. कुत्र्याला स्क्रीनवरचा माणूस कळत नाही, त्याला फोनचा वास घेऊन कंटाळा येतो. मग हे ट्रेनिंग चालतं कसं?

घरी येणाऱ्या ट्रेनरने काय केलं होतं?

आधी ही बाजू बघू, कारण बहुतेक घरांत सुरुवात इथूनच होते. मावशीनेही आधी एक ट्रेनर लावला होता. तो सकाळी सात वाजता यायचा, चिकूच्या गळ्यात साखळीचा फास अडकवायचा आणि खाली पार्किंगमध्ये घेऊन जायचा. तासाभराने परत. तीन आठवड्यांत चिकू 'सिट' शिकला, 'शेक हँड' शिकला. सोसायटीतली पोरं खूश झाली.

गंमत अशी की हे सगळं तो त्या ट्रेनरसमोरच करायचा. मावशीने 'सिट' म्हटलं की तो तिच्याकडे बघून शेपूट हलवायचा.

यात चिकूचा आगाऊपणा नव्हता. माणूस एखादी गोष्ट शिकला की ती कुठेही वापरतो, कुत्र्याचं तसं होत नाही. पार्किंगमध्ये, सकाळी सात वाजता, निळा टीशर्ट घातलेल्या माणसाने 'सिट' म्हटलं की बसायचं, एवढंच तो शिकलेला असतो. स्वयंपाकघरात मावशीने म्हटलेलं 'सिट' त्याच्यासाठी जवळजवळ नवा शब्द असतो. प्रत्येक नव्या जागी आणि नव्या माणसासोबत थोडं थोडं पुन्हा शिकवावं लागतं.

त्यात आपल्या घरांमधला आणखी एक घोळ. मावशी 'बस' म्हणते, काका 'बैठ' म्हणतात, बहीण 'सिट' म्हणते. आजी आली की 'बस रे बाळा, बस, बस म्हणते ना' असं अख्खं वाक्य. कुत्र्याने नक्की कोणता शब्द पकडायचा?

आणि रडण्याचं काय? त्यात तसूभर फरक पडला नाही. पडणारही नव्हता. चिकू रडायचा तो घरात कुणी नसताना. ट्रेनर आला म्हणजे घरात माणूस आला, म्हणजे मूळ प्रश्नच तेवढ्यापुरता गायब. डॉक्टर दारात दिसला की ताप उतरायचा आणि डॉक्टर गेला की चढायचा, असा हा प्रकार.

मग रिमोट ट्रेनिंगमध्ये वेगळं काय होतं?

यात ट्रेनर कुत्र्याला शिकवत नाही, तो मालकाला शिकवतो. म्हणूनच या कामाला 'ट्रेनिंग' ऐवजी 'कोचिंग' म्हणतात. क्रिकेटचा कोच काही मैदानात उतरून तुमच्याऐवजी बॅट धरत नाही, तसंच.

कोरोनाच्या आधीही काही जण हे करत होते, पण मार्च २०२० नंतर जगभरातल्या ट्रेनर्सना दुसरा पर्यायच उरला नाही. घरी जाता येत नव्हतं, ग्रुप क्लासेस बंद होते. तेव्हा अनेकांच्या लक्षात आलं की आपण कुत्र्याला हात न लावता काम होतंय, आणि काही बाबतींत आधीपेक्षा बरं होतंय. कारण आता पट्टा पहिल्या मिनिटापासून मालकाच्या हातात होता.

प्रत्यक्ष सेशनच्या आधीच बरंचसं काम होतं. मावशीला एक लांबलचक फॉर्म आला. कुत्रा कधी आणला, किती वेळा फिरवता, काय खातो, कुठे झोपतो, कधी कुणाला चावलाय का, शेवटचं व्हेटकडे कधी नेलं होतं. सोबत तीन व्हिडिओ मागितले होते : चिकू जेवताना, चिकू बाहेर फिरताना आणि चिकू घरात एकटा असताना. हा तिसरा व्हिडिओ मावशीने शूट केला आणि पाहिला, तेव्हा ती रडली. तोवर तिने ते कधी बघितलंच नव्हतं. बघणार कशी, ती घरात नसतानाच तर ते होत होतं.

कॉलच्या वेळी फोन कुठे ठेवायचा यावरच पहिली दहा मिनिटं गेली. शेवटी तो डाळीच्या स्टीलच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला, म्हणजे मावशी आणि चिकू दोघंही पूर्ण दिसतील. ट्रेनरने सांगितलं, "ताई, कानात इअरफोन घाला. माझा आवाज चिकूला ऐकू यायला नको." कारण खोलीत नसलेल्या माणसाचा आवाज आला की कुत्री गोंधळतात, भिंतीमागे शोधायला लागतात.

आणखी एक अडचण, जी मला आधी सुचलीच नव्हती. इंटरनेटवर आवाज थोडा उशिरा पोहोचतो. समोर बसलेला ट्रेनर "आता द्या!" म्हणू शकतो. कॉलवर ते "आता" येईपर्यंत कुत्रा उठून उभा राहिलेला असतो आणि खाऊ मिळतो तो उठल्याबद्दल. म्हणून चांगला रिमोट कोच कॉमेंट्री करत बसत नाही. काय दिसलं की बक्षीस द्यायचं, हे तो मालकाच्या डोक्यात आधीच पक्कं बसवतो.

त्यासाठी मावशीला कुत्र्याशिवाय सराव करावा लागला. ट्रेनर स्क्रीनवर चेंडू वर उडवायची आणि तो जमिनीला टेकला की त्याच क्षणी मावशीने 'येस' म्हणायचं. सुरुवातीला तिचं 'येस' चेंडू दुसरा टप्पा घेताना यायचं. तीस वर्षं कॅश काउंटरवर बसलेली बाई, नोटा मोजताना चुकत नाही, पण इथे तिची पार त्रेधा उडाली. दोन दिवसांनी जमलं.

हे 'येस' कशासाठी?

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह आपल्याला शाळेत भेटलेला असतो. त्याला नोबेल मिळालं ते १९०४ मध्ये, पचनक्रियेवरच्या कामासाठी. पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची लाळ गाळणारी कुत्री. खाण्याच्या आधी ठरावीक आवाज झाला की काही दिवसांनी नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. म्हणजे आवाजाचाच अर्थ 'खाऊ येतोय' असा होतो.

पुढे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरने मांडलं की ज्या कृतीनंतर चांगलं काही मिळतं, ती कृती प्राणी पुन्हा करतो. १९५१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्याने घरच्या घरी प्राण्यांना कसं शिकवावं यावर लेख लिहिला. त्यात त्याने टिकटिक वाजणारं एक स्वस्त खेळणं वापरायला सुचवलं होतं. जत्रेत पत्र्याचा बेडूक मिळायचा ना, पोटावर दाबला की टिक-टॅक करणारा, साधारण तसंच. पुढे हेच 'क्लिकर' म्हणून प्रसिद्ध झालं. डॉल्फिन शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांचं १९८४ चं 'डोन्ट शूट द डॉग' हे पुस्तक आल्यावर ही पद्धत कुत्रे पाळणाऱ्यांपर्यंत पोहोचली. पोहणाऱ्या डॉल्फिनला ना साखळी घालता येते ना फटका देता येतो, त्यामुळे त्या क्षेत्रातल्या लोकांना बक्षिसावरच काम करावं लागलं होतं.

क्लिकर असो की 'येस', काम एकच. कुत्र्याचं बूड जमिनीला टेकलं त्या क्षणाचा फोटो काढायचा. खाऊ हातातून तोंडात जाईपर्यंत दोन सेकंद गेले तरी चालतात, कारण कोणत्या कृतीचं बक्षीस आहे हे आधीच कळलेलं असतं. क्लिकर नसेल तर छोटा, एरवी बोलण्यात न येणारा शब्द घ्या. 'शाब्बास' लांब पडतो, आणि आपल्या घरांत तो कुत्र्यापेक्षा मुलांच्या मार्कांवर जास्त वापरला जातो.

खाऊ म्हणजे महागडी पाकिटंच हवीत असंही नाही. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे, किंवा गाजर. चॉकलेट, द्राक्षं, मनुका-बेदाणे, कांदा आणि झायलिटॉल असलेली शुगर-फ्री उत्पादनं मात्र कुत्र्यांसाठी विषारी असतात. पिठल्यातला कांदा 'एवढ्याने काय होतंय' म्हणून देऊ नका.

धाक दाखवल्याशिवाय कुत्रा ऐकतो का?

'कुत्र्याला आपण बॉस आहोत हे दाखवावं लागतं', हे वाक्य तुम्ही कुठल्याही बागेत ऐकाल. त्याचा उगम लांडग्यांवरच्या अभ्यासात आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल या संशोधकाने प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण मांडलं. एकमेकांना न ओळखणारे लांडगे एका आवारात ठेवले होते आणि ते वर्चस्वासाठी भांडत होते. त्यातून 'अल्फा' ही कल्पना पुढे आली, आणि डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती घराघरांत नेली.

नंतर मेक यांनीच जंगलात वर्षानुवर्षं लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की नैसर्गिक कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिल्लं, साधं कुटुंब. तिथे गादीसाठी मारामाऱ्या चाललेल्या नसतात. आपलं ते जुनं पुस्तक छापणं थांबवा, असं ते प्रकाशकाला सांगत राहिले. पण बागेतले काका अजून १९४७ मध्येच आहेत.

२०२० मध्ये पोर्तुगालमधल्या संशोधकांनी 'प्लॉस वन' या नियतकालिकात ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या क्लासेसमध्ये शिक्षेचा वापर जास्त होता, तिथल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि ट्रेनिंगनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलेलं आढळलं. अमेरिकेतली पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांची संघटना, म्हणजे एव्हीएसएबी, हिने २०२१ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की सर्व कुत्र्यांसाठी, अगदी आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारित पद्धतीच वापराव्यात.

रिमोट कोचिंगचा याच्याशी थेट संबंध आहे. फास आवळणं किंवा झटका देणं हे दुरून शिकवणं धोक्याचं, कारण चूक झाली तर थांबवायला तिथे कुणी नसतं. पनीरचा तुकडा चुकीच्या वेळी दिला तर फार तर एक तुकडा वाया जातो.

एकटं राहण्याच्या भीतीवर दुरूनच इलाज का?

चिकूला जो त्रास होता त्याला 'सेपरेशन अँग्झायटी' म्हणतात. एकटं पडण्याची भीती. कंटाळा वेगळा आणि ही वेगळी. कंटाळलेला कुत्रा चप्पल चावतो, मग झोपतो, मग उठून उशी फाडतो. घाबरलेला कुत्रा दार खरवडतो, लाळ गाळतो, धापा टाकतो, येरझाऱ्या घालतो, घरात कधी न करणारा जागेवरच लघवी करतो. आणि बहुतेक वेळा हे सगळं मालक बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात सुरू होतं. संध्याकाळी घरी आल्यावर दिसतो तो फक्त पसारा. त्यामुळे दोन्हींतला फरक कॅमेऱ्याशिवाय कळणं अवघड आहे.

या विषयात मलीना डीमार्टिनी यांचं नाव घेतलं जातं. त्यांचं २०१४ चं पुस्तक याच समस्येवर आहे आणि त्यांच्या पद्धतीने काम करणारे ट्रेनर प्रामुख्याने ऑनलाइनच काम करतात. कारण सोपं आहे. कुत्रा एकटा असतानाच त्याच्यावर काम करायचंय, मग ट्रेनर घरात कशाला हवा? एक जुना फोन किंवा लॅपटॉप घरात कॉल चालू ठेवून लावायचा, मालक दाराबाहेर दुसऱ्या फोनवर बघतोय, ट्रेनर आपल्या घरातून बघतोय, आणि कुत्रा खरोखर एकटा आहे.

पहिल्या दिवशी चिकूची मर्यादा मोजली गेली. मावशीने पर्स खांद्याला लावली, तिथेच त्याने जांभई दिली आणि ओठ चाटले. मला ते गोड वाटलं असतं. ट्रेनर म्हणाली, "हे झोपेचं नाहीये ताई, तो अस्वस्थ झालाय." किल्लीचा आवाज झाल्यावर कान मागे गेले. दार बंद झाल्यावर आठव्या सेकंदाला कुईकुई सुरू.

आठ सेकंद. आणि बँक नऊ तासांची.

तर पद्धत अशी. कुत्रा घाबरण्याच्या आतच परत यायचं. मावशी दार उघडायची, बाहेर पाऊल टाकायची, परत यायची. तीन सेकंद. मग दोन. मग पाच. दर वेळी वाढवत नेलं तर पुढचं नेहमी कठीणच असणार हे कुत्र्याला कळतं, म्हणून मध्येच सोपं करायचं. पर्स उचलून सोफ्यावर बसायचं, म्हणजे पर्सचा धाक जातो. किल्ली वाजवून चहा करायला जायचं. दिवसाला वीसेक मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. शेजारच्या काकूंनी शेवटी विचारलंच, "अगं, दार बिघडलंय का तुमचं?"

याची सगळ्यात कठीण अट वेगळीच होती. हे चालू असेपर्यंत कुत्र्याला त्याच्या मर्यादेपलीकडे एकटं ठेवायचं नाही. सकाळी पाच सेकंदांचा सराव आणि मग नऊ तासांचं कुलूप, असं केलं तर सगळं मुसळ केरात.

म्हणून चिपळूणहून आजी आली. तीच, शेपूट-नळीवाली. सहा आठवडे राहिली. त्यानंतर तळमजल्यावरच्या निवृत्त आजोबांकडे चिकू दिवसभर बसू लागला. सोसायटीतलं रडणं पहिल्याच दिवशी थांबलं, पण त्याचं श्रेय ट्रेनिंगचं नव्हतं, तो एकटा राहतच नव्हता इतकंच. घरमालकाला कारणाशी देणंघेणं नव्हतं, आवाज बंद झाला यावर तो खूश. या गोष्टीतला हा भाग मला महत्त्वाचा वाटतो, कारण ज्यांच्याकडे आजी नाही, तळमजल्यावर आजोबा नाहीत आणि डे-केअरचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी ही अट डोंगराएवढी आहे. कुठल्याही ॲपमध्ये याचं उत्तर नाही.

काही कुत्र्यांची भीती इतकी तीव्र असते की ट्रेनिंग सुरूच होऊ शकत नाही. तिथे औषधांची मदत घेतात. अमेरिकेच्या एफडीएने क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये कुत्र्यांच्या या त्रासासाठी, वर्तन-प्रशिक्षणाच्या जोडीने, मान्यता दिली. ही औषधं माणसांसाठीही असतात, पण घरातल्या कुणाची गोळी अर्धी करून देणं हा प्रकार अजिबात नको. डोस व्हेटच ठरवतो. ट्रेनरला औषध सुचवण्याचा अधिकार नसतो, ना ऑनलाइन ना ऑफलाइन.

ऑनलाइन कुठे चालत नाही?

कुत्रा कुणाला चावला असेल, किंवा घरात लहान मूल असेल आणि तो त्याच्यावर गुरगुरत असेल, तर फक्त व्हिडिओ कॉलवर विसंबू नका. अशा वेळी पहिलं काम म्हणजे दोघांमध्ये दार किंवा जाळी, आणि प्रत्यक्ष येऊन बघणारा अनुभवी माणूस. कोचने पहिल्या फोनवर स्वतःहून हे सांगायला हवं.

अचानक बदललेलं वागणं हीसुद्धा आधी व्हेटची केस. कालपर्यंत शांत असलेला कुत्रा पाठीला हात लावल्यावर गुरगुरतोय, तर त्याला दुखत असू शकतं. कान, दात, कंबर काहीही. स्क्रीनवरून कान तपासता येत नाही.

बाहेर फिरताना दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणाऱ्यांचं काम अर्धंमुर्धं जमतं. एका हातात पट्टा, दुसऱ्यात खाऊ, फोन धरणार कोण? फोन छातीला बांधून किंवा घरातल्या कुणाला मागून शूट करायला लावून भागवतात. आणि आपल्याकडे रस्त्यावरची कुत्री वेळ ठरवून येत नाहीत. अशा वेळी आधी काढलेला व्हिडिओ नंतर हळू वेगाने पाहणं जास्त उपयोगी पडतं. कुत्रा भुंकण्याच्या तीन सेकंद आधी अंग ताठ झालं होतं, तोंड मिटलं होतं, हे तिथे दिसतं. रस्त्यावर मालकाचं लक्ष समोरून येणाऱ्या स्कूटरवर असतं.

पिल्लांच्या बाबतीत मात्र ऑनलाइनचा चांगला फायदा होतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. या काळात जे दिसलं-ऐकलं ते नॉर्मल वाटतं, जे राहिलं त्याची पुढे भीती वाटू शकते. पण याच काळात लसीकरण पूर्ण झालेलं नसतं, म्हणून त्याला बाहेर कुठेही सोडता येत नाही. मग कोच कॉलवरून सांगतो : कुकरची शिट्टी, मिक्सर, छत्री उघडणं, हेल्मेट घातलेला माणूस, आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू आवाजात, जेवणासोबत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फोन करून काही होत नाही, हे काम गणपतीच्याही आधी सुरू करावं लागतं.

माणूस योग्य आहे हे कसं ओळखायचं?

आपल्याकडे डॉग ट्रेनर म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. इन्स्टाग्रामवर पेज काढलं की झालं. काही आंतरराष्ट्रीय संस्था परीक्षा घेतात. उदाहरणार्थ, २००१ पासून काम करणारी सीसीपीडीटी परीक्षेला बसण्याआधी किमान ३०० तासांच्या शिकवण्याच्या अनुभवाची अट घालते. प्रमाणपत्र नसलेले उत्तम ट्रेनरही आहेत आणि असलेले सुमारही. त्यामुळे सरळ प्रश्न विचारा. कुत्र्याने बरोबर केलं तर काय मिळेल? चुकलं तर काय होईल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गोलमाल आलं तर तिथेच थांबा.

'सात दिवसांत शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्याला नमस्कार करा. जिवंत प्राण्याच्या वागण्याची गॅरंटी कुणी देत नाही. पहिल्याच कॉलवर शॉक कॉलरची लिंक पाठवणाऱ्यालाही. वेल्समध्ये या कॉलरवर २०१० पासून बंदी आहे, आपल्याकडे त्या ऑनलाइन विकत मिळतात. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्राण्याला मारहाण करणं आणि विनाकारण यातना देणं हा गुन्हा आहे, फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हाही. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र १० ते ५० रुपये. साठ वर्षांत वडापाव कुठल्या कुठे गेला, दंड तिथेच आहे.

सोसायटीबद्दलही थोडं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. त्याच सूचनांमध्ये मालकांनाही सांगितलंय की भुंकण्याचा शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून प्रयत्न करा, विशेषतः रात्री. मावशीने तो कागद कुणाच्या तोंडावर फेकला नाही. ती बाळाच्या आईला जाऊन भेटली आणि काय चाललंय ते सांगितलं. पुढे तीच बाई 'आज आवाज नाही आला हं' असे मेसेज पाठवायची, आणि ट्रेनरला त्याचा उपयोगही व्हायचा.

चिकूचं पुढे काय झालं?

पहिल्या महिन्याच्या शेवटी तो दीड मिनिट एकटा राहत होता. काकांनी तेव्हाच हात टेकले होते. दुसऱ्या महिन्यात सहा मिनिटं, मग एके दिवशी लिफ्टचा मोठा आवाज झाला आणि पुन्हा वीस सेकंदांवर. पाचव्या महिन्यात चाळीस मिनिटं. सरळ चढत जाणारा आलेख नव्हताच तो. पण चाळीस मिनिटांनंतर गाडी एकदम पळाली, कारण तेवढा वेळ निवांत राहिलेला कुत्रा बहुतेक वेळा झोपूनच जातो.

आता तो साडेतीन तास राहतो. त्याच्या पलीकडे त्याला कधी नेलंच नाही. बँकेच्या दिवशी सकाळी आजोबांकडे, दुपारी काका लवकर येतात. मावशीला त्या नऊ तासांपैकी साडेतीनच मिळाले, पण त्यात ती भाजी आणते, देवळात जाते, आणि गेल्या वर्षी तिने काकांसोबत अडीच वर्षांनी थिएटरमध्ये सिनेमा पाहिला. इंटरव्हलमध्ये मोबाईल काढून दोघंही कॅमेरा बघत होते. चिकू सोफ्यावर पाय वर करून झोपला होता. त्याला सोफ्यावर चढायची परवानगी नाहीये.